अर्ध्या इंचाची तोटी



या व्यासपीठावरून संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण अशा मोठ्या विषयांवर विद्वानांची भाषणे होत आली आहेत. त्या पंक्तीला आज आम्ही नळाची तोटी घेऊन बसलो आहोत, आणि तीही घरी बिअर करणाऱ्याच्या पातेल्याला लावायची तोटी! कार्यक्रमपत्रिका वाचून पुष्कळांच्या भुवया वर गेल्या असतील. संयोजकांनी तर आम्हांला दोनदा विचारले, "विषय हाच ना?" आम्ही म्हटले, "हाच. मद्याचे शास्त्र आम्हांला येत नाही, पण तोटीने आम्हांला जो धडा दिला तो सांगण्याजोगा आहे."

आरंभीच दोन गोष्टी स्पष्ट करतो. पहिली अशी की, आपल्या महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्यावाचून मद्य तयार करणे हा त्याखाली गुन्हा आहे. तेव्हा आमचे भाषण ऐकून कोणी घरी जाऊन चुलीवर पातेले चढवू नये. दुसरी अशी की, कामगारवस्तीत ज्याने उमेद घालवली त्याने दारूचे काय परिणाम होतात ते पुस्तकात वाचलेले नसते, डोळ्यांनी पाहिलेले असते. २०१५ च्या जून महिन्यात मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. गेलेली बहुतेक माणसे हातावर पोट असणारी होती. त्या दारूत मेथॅनॉल हे कारखान्यात वापरायचे रसायन होते. त्यामुळे हा विषय आम्ही हसण्यावारी नेत नाही. परंतु बिअर ही धान्याच्या रसाला आंबवून होते, ती भट्टीवर गाळली जात नाही, हा भेद ध्यानात ठेवला म्हणजे पुढचे बोलणे समजेल.

आता कथा ऐका. आमच्या संघटनेचे एक जुने सभासद आहेत. त्यांचा मुलगा आयटीआयमधून फिटर झाला, पुढे रात्रीच्या वर्गाने शिकला आणि आज अमेरिकेत ओहायो राज्यात एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचे काम करतो. तिकडे त्याला नाद लागला घरी बिअर करण्याचा. तिकडे तो गुन्हा नाही. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. ती उठल्यावर घरी द्राक्षाची वाइन करण्यास मोकळीक मिळाली, पण बिअर मात्र राहून गेली. पुढे १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केली आणि १९७९ पासून घरच्यापुरती बिअर करणे केंद्राच्या कायद्याने करमुक्त झाले. एक प्रौढ माणूस असलेल्या घराला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक असतील तर २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५० लिटर, अशी मर्यादा घातली. विकायची मात्र नाही. गाळण्याची परवानगी त्या कायद्याने दिलेली नाही. राज्याराज्यांचे कायदे निराळे असल्याने मिसिसिपी आणि अलाबामा ही शेवटची दोन राज्ये २०१३ साली या रांगेत आली. इंग्लंडात हीच मोकळीक १९६३ साली मिळाली. तेथे तोवर घरच्या बिअरलाही परवाना लागत असे.

या मुलाचा एके दिवशी फोन आला. "काका, बाबा पुढच्या महिन्यात इकडे येताहेत. त्यांच्याबरोबर नागदेवी स्ट्रीटवरून चार स्टेनलेसचे बॉल व्हॉल्व्ह पाठवाल का? इकडे बिअरच्या सामानाच्या दुकानात तोच व्हॉल्व्ह चकचकीत पाकिटात घालून फार महाग विकतात."

"अरे, त्यात काय! साईज सांग," आम्ही म्हटले.

"अर्धा इंच, काका."

मुंबईचे लोक नागदेवी स्ट्रीट जाणतात. क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या अंगाला हा रस्ता आहे. बेअरिंग, पट्टे, नट-बोल्ट, व्हॉल्व्ह, पाईपचे सामान, काय म्हणाल ते तिथे मिळते. आम्ही ऐटीत गेलो. दुकानदाराने व्हॉल्व्ह पुढे ठेवले आणि विचारले, "बीएसपी की एनपीटी?" बंधुभगिनींनो, आता कबूल करण्यात कमीपणा नाही. तीस वर्षे आम्ही फिटरांच्या वतीने मालकांशी भांडलो, वेतनश्रेणीत 'कुशल कामगार' या शब्दाची व्याख्या लिहून घेतली, आणि तो प्रश्न आम्हांला कळला नाही! आणि कळला नाही असे म्हणायची लाज वाटली. आम्ही म्हटले, "जे चालते ते द्या." दुकानदाराने इथे चालते ते दिले. त्याची काय चूक?

महिन्याने फोन आला. "काका, व्हॉल्व्ह उत्तम आहेत. निपलवर तीन-चार वेढे छान बसतात, मग अडकतात. जोर केला तर आणखी अर्धा वेढा जातात. पाणी भरले की थेंब थेंब गळते. टेफलॉन टेप दहा वेढे लावली, तरी गळतेच."

आम्ही तो प्रश्न घेऊन आमच्याच कचेरीत रोज संध्याकाळी वर्तमानपत्र वाचायला येणाऱ्या एका निवृत्त फिटरकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि एकच प्रश्न विचारला, "आटे कोणते पाठवलेत?" मग त्यांनी घरून आट्यांचे माप आणले, आणि आमची शाळा सुरू झाली. त्या शाळेत शिकलेले ते आज आपल्यापुढे मांडतो.

पहिली गोष्ट, अर्धा इंच पाईप कुठेही अर्धा इंच नसतो. अर्धा इंच म्हणजे साडेबारा मिलिमीटरच्या आसपास. पण अर्ध्या इंची पाईपचा बाहेरचा व्यास पट्टीने मोजाल तर सुमारे २१ मिलिमीटर भरतो. हे नाव पूर्वीच्या जाड पाईपांच्या आतल्या पोकळीवरून पडले आणि तसेच राहिले. म्हणून दुकानात पट्टी नेऊन, मोजून सामान मागणारा नवखा हमखास फसतो. नाव सांगून मागावे, आणि त्याहून बरे म्हणजे जुना तुकडा बरोबर न्यावा.

दुसरी गोष्ट आट्यांच्या कुळांची. जगात पाईपच्या आट्यांची दोन मोठी घराणी आहेत. एक ब्रिटिश, त्याला बीएसपी म्हणतात. दुसरे अमेरिकन, ते एनपीटी. आपल्याकडे इंग्रजांमुळे पहिले रुजले, आणि आपले भारतीय मानक आयएस ५५४ तेच घराणे चालवते. ब्रिटिश आट्याचा कोन ५५ अंशांचा, अमेरिकन आट्याचा ६० अंशांचा. अर्धा इंच आणि पाऊण इंच या दोन मापांत दोन्ही घराण्यांत इंचाला १४ आटे असतात. म्हणूनच ते आरंभी एकमेकांत शिरतात आणि माणसाला फसवतात! पाव इंचात मात्र एकीकडे १९ आणि दुसरीकडे १८, एक इंचात एकीकडे ११ आणि दुसरीकडे साडेअकरा. तिथे मुळीच जमत नाही, आणि ते बरेच, कारण लगेच कळते. जे मुळीच जुळत नाही ते फसवत नाही, अर्धवट जुळते तेच फसवते. संघटनेच्या कामातही आम्हांला हाच अनुभव आलेला आहे.

ही दोन घराणी आली कोठून? इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ नावाचे कारागीर-अभियंते होते. त्या काळी प्रत्येक कारखान्याचा स्क्रू निराळा. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसत नसे. व्हिटवर्थ यांनी ठिकठिकाणच्या कारखान्यांतून स्क्रू गोळा केले, त्यांची सरासरी काढली आणि १८४१ साली ५५ अंशांचा एक नमुना पुढे ठेवला. अमेरिकेत फिलाडेल्फियाचे विल्यम सेलर्स यांनी १८६४ साली म्हटले, ५५ अंश आखायला आणि तपासायला कठीण. ६० अंश घ्या, तो समभुज त्रिकोणाचा कोन, साध्या कारखान्यातही काढता येतो. दोघांचाही हेतू चांगला, दोघांचेही काम थोर. पण एकाचे दुसऱ्याला मान्य झाले नाही, आणि त्याची फळे दीडशे वर्षांनी ओहायोतल्या एका घरात थेंब थेंब गळताना दिसली.

हे केवळ थेंबांपुरते राहिले असते तर ठीक. १९०४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत बाल्टिमोर शहराला मोठी आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क इथून बंब धावून आले. माणसे आली, नळ्या आल्या, पाणी होते, पण पुष्कळ नळ्यांचे आटे बाल्टिमोरच्या नळांना बसेनात! सुमारे तीस तास आग चालली आणि दीड हजारांवर इमारती गेल्या. मदतीला आलेला माणूस हातात नळी घेऊन उभा आहे आणि आटा जुळत नाही, हे चित्र आम्ही वाचले त्या रात्री आम्हांला झोप आली नाही.

मग त्या मुलाचे काय झाले? तो सगळे व्हॉल्व्ह फेकून देण्याच्या विचारात होता. आमच्या म्हाताऱ्या फिटरांनी सांगितले, "त्याला म्हणावे, काही फेकू नकोस. व्हॉल्व्ह चांगलेच आहेत. पातेले काही नगरपालिकेच्या नळाला जोडलेले नाही. निपल, सॉकेट, नळी चढवायचा कान, सगळे याच घराण्याचे मागव. एक टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच घराणे ठेव. भांडण घराण्यात नाही, सरमिसळीत आहे." पुढल्या खेपेला बारा बीएसपी निपले गेली आणि गळती थांबली. एक जागा मात्र सोडावी लागली. रस थंड करायला तांब्याच्या नळीचे वेटोळे असते, त्याला अंगणातल्या बागेच्या नळाचे पाणी लागते. अमेरिकेत त्या नळाचे आटे या दोन्हींहून निराळे असतात, आणि तिथे गळती आटा थांबवत नाही, रबरी वायसर थांबवतो. तेवढा एक सांधा त्याने तिकडचाच घेतला.

आता या तोट्या लागतात कशाला, ते थोडक्यात सांगतो. जवाला मोड आणून, वाळवून, भरडून तो सुमारे ६५ ते ६८ अंश उष्णतेच्या पाण्यात तासभर ठेवतात. त्यातल्या पिष्टाची साखर होते. तो गोड रस खालच्या तोटीने काढून घेतात. मग हॉप नावाच्या वेलीची कडू बोंडे घालून तासभर उकळतात, झटपट थंड करतात, यीस्ट घालतात आणि आंबू देतात. घरगुती बेत बहुधा पाच गॅलनचा, म्हणजे १९ लिटरचा असतो. इतका उकळता रस पातेले उचलून ओतायचा म्हणजे अंगावर सांडून भाजण्याचा धोका. तोटी लागते ती चैनीसाठी नव्हे, भाजू नये म्हणून. आम्ही ज्या कारखान्यांतून फिरलो तेथेही भाजण्याचे पुष्कळसे अपघात दोन रुपये वाचवण्याच्या नादात होताना पाहिले आहेत.

तेव्हा स्वस्त घ्यावे, पण कशात स्वस्त घ्यावे हे कळले पाहिजे. इथे आम्ही धातूकडे वळतो.

सर्वांत स्वस्त जस्त चढवलेला जीआय पाईप. आंबट किंवा गरम रसासाठी तो घेऊ नये, आम्लात जस्त सुटते. त्याहून वर पितळ. आपल्या आया-आज्यांना हे शास्त्र माहीत होते. पितळेच्या भांड्यात ताक ठेवले की कळकते, चिंचेची आमटी त्यात करू नये, करायची तर आधी कल्हईवाल्याला बोलवा. कल्हई म्हणजे कथिलाचा पातळ थर, अन्न आणि पितळ यांच्यामधला पडदा. बिअरचा रस ताकाइतका आंबट नसतो, पण आंबटपणा असतोच, आणि आंबल्यावर तो वाढतो. म्हणून तिकडचे जाणते लोक पितळ उकळण्याच्या बाजूला चालवून घेतात, आंबवण्याच्या बाजूला ठेवत नाहीत.

पण पितळेत आणखी एक गोष्ट असते, ती दिसत नाही. ती म्हणजे शिसे. लेथवर पितळ सहज कापले जावे, त्याचा कीस लांब न निघता तुटून पडावा, म्हणून त्यात शिसे मिसळतात. सहज कापल्या जाणाऱ्या पितळेत ते साधारण तीन टक्क्यांच्या आसपास असते. कापताना हे शिसे पृष्ठभागावर पसरते. अमेरिकेत पूर्वी पिण्याच्या पाण्याच्या सामानात आठ टक्क्यांपर्यंत शिसे असले तरी त्याला 'शिसेविरहित' म्हणण्याची मुभा होती! २०११ साली कायदा सुधारला आणि २०१४ च्या जानेवारीपासून पाण्याला लागणाऱ्या भागांत सरासरी पाव टक्क्याची मर्यादा आली. लहान मुलांच्या रक्तात शिशाचे अमुक प्रमाण निर्धोक, असे आज कोणतीही आरोग्यसंस्था म्हणत नाही.

जॉन पामर नावाचे एक अमेरिकन धातुतज्ज्ञ आहेत. घरी बिअर कशी करावी यावर त्यांचे पुस्तक तिकडे घरोघर असते. ते एक साधा उपाय सांगतात. दोन भाग पांढरा व्हिनेगर आणि एक भाग औषधाच्या दुकानात मिळणारे ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र करून पितळेचे सामान त्यात पाच-दहा मिनिटे बुडवावे. लोण्यासारखा फिकट पिवळा रंग आला की काढून धुवावे. द्रावण हिरवे होऊ लागले तर फार वेळ झाला असे समजावे. तांबे विरघळू लागले, खालचे नवे शिसे उघडे पडले, तेव्हा ताजे द्रावण करून पुन्हा बुडवावे. याने वरवरचे शिसे जाते, आतले राहते. हा कल्हईचाच उलटा भाऊ म्हणा.

आता आमच्या मनातला खरा प्रश्न. पिणाऱ्याने पाच मिनिटांत वरचे शिसे धुऊन टाकले. पण ते पितळ ज्याने वितळवले, ओतले, लेथवर कापले, त्याचे काय? आपल्या देशात पितळेच्या लहान भागांचे मोठे केंद्र गुजरातेत जामनगरला आहे. तिथला माल देशोदेशी जातो. पुष्कळसे पितळ भंगार वितळवून होते. जस्त ९०७ अंशांना उकळते, पितळ साधारण तेवढ्याच उष्णतेला वितळते. म्हणजे पितळ वितळले की जस्ताचा पांढरा धूर उठणारच. तो धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. जुने ओतारी त्याला नाव देऊन मोकळे होत आणि दूध पिऊन झोपत. तो ताप दुसऱ्या दिवशी उतरतो. पण शिसे उतरत नाही, ते हाडांत साठते. भंगारातून काय काय वितळते ते ओतणाऱ्याला सांगितलेलेही नसते.

म्हणून आम्ही त्या मुलाला सांगितले, स्वस्त सामान जरूर शोध, गरीब माणसाने चैनीच्या पाकिटाचे पैसे का द्यावेत? पण स्वस्ताई दोन प्रकारची असते. एक दलालाच्या नफ्यातून येते, ती घ्यावी. दुसरी कामगाराच्या फुप्फुसातून येते. पाकिटावर हा फरक छापलेला नसतो, विचारावा लागतो. धूर खेचणारा पंखा आहे का, हात धुवायला साबण आणि जेवायला निराळी जागा आहे का, वर्षातून एकदा रक्त तपासतात का, एवढे तीन प्रश्न जरी घाऊक घेणाऱ्या व्यापाऱ्यांनी विचारले तरी पुष्कळ होईल. कोणी म्हणेल, याने माल महाग होईल. होईल. तोटीमागे किती वाढेल त्याचा हिशेब मालकांनी आमच्यापुढे मांडावा, आम्ही तो वाचू.

आता स्टेनलेसकडे. पितळेचा प्रश्न नको तर स्टेनलेस घ्यावे, तो महाग पण टिकाऊ. व्हॉल्व्हच्या अंगावर अक्षरे ओतलेली असतात. सीएफ८ असेल तर ३०४ जातीचा, सीएफ८एम असेल तर ३१६ जातीचा ओतीव पोलाद. घरच्या कामाला पहिला पुरतो, दुसऱ्याचे जादा पैसे देण्याचे कारण नाही. १००० डब्ल्यूओजी असे लिहिलेले असते, तो पाणी, तेल, वायू यांच्या दाबाचा आकडा आहे. उघड्या पातेल्याला तेवढ्या दाबाची गरज कधीच पडत नाही, तेव्हा त्या आकड्याला भुलू नये. लोहचुंबक लावून पारख करतात, तीही पुरी नव्हे. हलक्या जातीचे काही स्टेनलेसही चुंबकाला चिकटत नाही, आणि चांगला ओतीव तुकडा थोडासा चिकटतो.

बॉल व्हॉल्व्हच्या पोटात भोक पाडलेला एक गोळा असतो आणि त्याला दोन्ही बाजूंनी टेफलॉनच्या गाद्या. दांडा पाव वेढा फिरवला की भोक आडवे होते, प्रवाह थांबतो. पण गोळा आणि अंग यांच्यामधल्या फटीत थोडा रस अडकतो. गोड रस तिथे आंबला की पुढचा बेत बिघडतो. म्हणून व्हॉल्व्ह तीन तुकड्यांचा घ्यावा. चार बोल्ट सोडले की मधला भाग हातात येतो, धुता येतो. एका तुकड्याचा व्हॉल्व्ह स्वस्त, पण तो उघडत नाही. जे उघडून पाहता येत नाही ते स्वच्छ आहे असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. हिशेबाच्या वह्यांनाही हाच नियम लागू आहे.

पातेल्याला भोक पाडून जोडताना वेल्डिंगची गरज नाही. आतून एक नट, बाहेरून एक सॉकेट आणि मध्ये सिलिकॉनची कडी, बस्स. जुने प्लंबर ताग आणि सफेदा लावत. सफेदा म्हणजे पूर्वी शिशाचेच पांढरे चूर्ण असे, म्हणून खाण्यापिण्याच्या सांध्यावर तो नको. टेफलॉनची टेप पुरे. ती दोन-तीन वेढे, आट्यांच्या दिशेने लावावी. प्लास्टिकचा पीव्हीसी पाईप उकळत्या रसाला चालत नाही, तिथे सिलिकॉनची नळी हवी.

आणि सामानात एक तुकडा असतो त्याचे नावच युनियन! आयुष्यभर युनियनचे काम केले आणि हा तुकडा आम्हांला पन्नाशी उलटल्यावर भेटला. दोन पाईप घट्ट बसलेले आहेत, कोणालाच फिरवता येत नाही, अशा जागी युनियन घालतात. ती दोघांना जोडते, कोणालाही पिळत नाही, आणि दुरुस्तीची वेळ आली तर सांधा सोडवूही देते. आमच्या फिटरांनी तो तुकडा टेबलावर ठेवून आम्हांला विचारले, "साहेब, तुमची युनियन अशी आहे का?" आम्ही उत्तर दिले नाही. अजून शोधत आहोत.

एक शेवटची स्वस्ताई सांगतो, ती वाईट आहे. तिकडे बिअर साडेपंधरा गॅलनच्या स्टेनलेसच्या पिंपांतून विकली जाते. त्या पिंपाचे तोंड कापले की नामी पातेले होते. दुकानात थोडी अनामत ठेवून पिंप न्यायचा आणि परत करायचाच नाही, असा काहींचा धंदा असतो. अनामत म्हणजे किंमत नव्हे. पिंप बिअर करणाऱ्या कारखान्याचा, आणि तो चोरीला गेला की त्याचा भुर्दंड कोणाच्या तरी वेतनातून किंवा गिऱ्हाइकाच्या खिशातून निघतो. त्या मुलाने असा पिंप विचारला तेव्हा आम्ही म्हटले, "बाळ, कारखान्याने टाकून दिलेला, रीतसर विकलेला मिळाला तर घे. नाहीतर साधे पातेले बरे." त्याने पातेले घेतले.

आता आपण विचाराल, महाराष्ट्रात आम्हांला याचा उपयोग काय? ही विद्या बिअरची नाही, तोटीची आहे. कोकमाचे, आवळ्याचे सरबत करणारे महिलांचे बचतगट गावोगाव आहेत. मोठ्या पातेल्यांना कोणीतरी पितळेची तोटी लावून देतो, आणि कोकम तर बिअरहून कितीतरी आंबट! तिथे स्टेनलेसचा, उघडता येणारा व्हॉल्व्ह हवा, हे त्यांना कोणी सांगितले आहे का? दुधाच्या टाक्या, उसाच्या रसाचे पातेले, घरावरचा सौर बंब, या सगळ्यांना हेच नियम लागतात. वसंत ऋतूत सरबताची व्याख्याने होत नसली तरी सरबत होतेच.

आणि खुद्द आमचा धडा? तो दुकानदाराच्या एका प्रश्नात आहे. "बीएसपी की एनपीटी?" त्या वेळी आम्ही "मला कळत नाही, जरा समजावून सांगा" असे म्हटले असते, तर एक महिना वाचला असता. शाळा फारशी न शिकलेल्या माणसाला एक भीती जन्मभर असते की, न कळल्याचे कबूल केले तर लोक आपल्याला खाली उतरवतील. त्या भीतीने आम्ही कित्येक करारांच्या वेळीही मान डोलावली असेल, आणि त्याची गळती कोणाच्या घरात झाली असेल कोण जाणे! ते व्हॉल्व्ह तरी परत जुळवता आले. करार परत जुळवता येत नाहीत.

आता आम्ही नागदेवीला जातो तेव्हा पिशवीत आट्यांचे माप असते आणि दुकानदाराने काही विचारले की आधी त्यालाच विचारतो, "त्याचा अर्थ काय हो?" तो समजावून सांगतो. आजवर एकानेही आम्हांला हसून परत पाठवलेले नाही.